लंबगोल हिऱ्याची अंगठी

लग्न ठरलें कीं साखरपुड्याच्या दिवशीं वधूच्या बोटांत अंगठी घालावयाची, ही रीत महाराष्ट्रांतील शहरांत आतां इतकी रुळली आहे कीं ती मूळची नव्हे, हें मुद्दाम सांगावें लागतें. वाङ्निश्चयाच्या जुन्या विधींत महत्त्व होतें तें दिलेल्या शब्दाला, नारळाला, साखरेच्या पुडीला आणि फार तर एका साडीला. अंगठी मागाहून आली. प्रथम सोन्याची आली, आणि अलीकडे तिच्यावर हिरा येऊन बसला. त्यांतही हल्लींच्या तरुण मंडळींचा ओढा गोल हिऱ्याकडून लंबगोल हिऱ्याकडे वळूं लागला आहे. कोणाच्या आवडीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु मध्यम प्राप्तीच्या घरांत ही आवड पुरवावयाची म्हणजे कित्येक महिन्यांची शिल्लक एका दुपारीं, एका दुकानांत, अशा वस्तूवर खर्च करावयाची, कीं जिची पारख त्या घरांत कोणालाच नाहीं. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

समजा, पुण्यांतील एका घरांत मुलाचें लग्न ठरलें आहे. मुलगा आणि त्याची वाग्दत्त वधू या दोघांनीं अंगठीसाठीं एक लक्ष रुपयांचा आंकडा मनाशीं धरला आहे. हिरा घ्यावयाचा हें ऐकून मुलाची आई म्हणते, "अरे, एवढे पैसे घालशील, पण उद्यां वेळ आली तर त्याची मोड काय येईल?" मुलगा हंसून उत्तर देतो, "आई, अंगठी काय मोडण्यासाठीं घ्यायची?" दोघांचेंही बोलणें रास्त आहे. मात्र दोघें दोन निरनिराळ्या वस्तूंविषयीं बोलत आहेत. आई बोलते आहे सोन्याविषयीं, मुलगा बोलतो आहे हिऱ्याविषयीं. आणि अंगठींत तर दोन्ही आहेत. पुष्कळ घरांत अंगठीवरून जो रुसवा उत्पन्न होतो, त्याचें मूळ या घोटाळ्यांत असतें.

महाराष्ट्रीय गृहिणीचा दागिन्यांचा सारा हिशेब सोन्यावर बसलेला आहे. सोन्याचें वजन करतां येतें, कस लावतां येतो, आणि त्या दिवसाचा भाव सर्वांना ठाऊक असतो. घडणावळ गेली, थोडी घट गेली, तरी मूळ धातूची किंमत हातांत राहते. हिऱ्याला असा एकच एक भाव नाहीं. अर्ध्या कॅरटाचे दोन हिरे शेजारीं ठेवले तर एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट असूं शकते. शिवाय दुकानांत ग्राहक देतो ती किरकोळ विक्रीची किंमत, आणि तोच हिरा परत विकावयास गेला तर व्यापारी सांगतो ती घाऊक खरेदीची किंमत. या दोहोंत मोठी दरी असते. म्हणून पहिला नियम असा कीं, अंगठीचा हिशेब दोन रकान्यांत मांडावा. सोन्यावर गेलेले पैसे बऱ्याच अंशीं शिलकेंत धरावे. हिऱ्यावर गेलेले पैसे खर्चांत धरावे. आनंदासाठीं केलेला खर्च हाही खर्चच होय, आणि तो तसा ओळखून केला म्हणजे मागाहून पश्चात्ताप होत नाहीं.

हे दोन रकाने किती विषम आहेत तें पाहण्यासारखें आहे. ३ ग्रॅम वजनाच्या १८ कॅरटी अंगठींत शुद्ध सोनें २.२५ ग्रॅम असतें. हिऱ्याचा कॅरट हें वजनाचें माप. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. तेव्हां अर्ध्या कॅरटाचा हिरा भरतो ग्रॅमचा केवळ दहावा हिस्सा. सोन्याचा कॅरट ही शुद्धता आणि हिऱ्याचा कॅरट हें वजन, असा एकाच शब्दाचा दोन ठिकाणीं दोन अर्थ होतो, हेंही ध्यानांत असूं द्यावें. दुकानांतील बोलण्यांत हे दोन्ही कॅरट एका श्वासांत येतात आणि नवख्या ग्राहकाचा गोंधळ होतो.

रक्कम किती असावी, याचा निर्णय कोणी करावा? "दोन महिन्यांचा पगार" असा एक दंडक कानांवर येतो. हा दंडक कोणत्याही धर्मशास्त्रांतला नाहीं. तो जाहिरातींतला आहे. दक्षिण आफ्रिकेंत १८६७ नंतर हिऱ्यांच्या खाणी सांपडल्या, १८८८ सालीं डी बीअर्स कंपनी स्थापन झाली, आणि मंदीनें हिऱ्याची मागणी उतरल्यावर १९३८ सालीं या कंपनीनें अमेरिकेंतील एका जाहिरात-संस्थेस हाताशीं धरलें. हिरा चिरंतन आहे, ही घोषणा त्याच संस्थेंतील फ्रान्सेस गेरेटी या लेखिकेनें १९४७ सालीं रचली. पगाराच्या महिन्यांचें मापही त्याच जाहिरातींनीं लोकांच्या मनांत रुजविलें. ज्याला हिरे विकावयाचे आहेत त्यानें घातलेलें माप ज्याला ते घ्यावयाचे आहेत त्यानें पाळावें, असें बंधन नाहीं. खरें माप घरांतच असतें. नव्या बिऱ्हाडाची अनामत, भांडींकुंडीं, लग्नाचा खर्च आणि अडीअडचणीची शिल्लक बाजूस काढून जें उरेल त्यांतून, हप्ता न बांधतां, क्रेडिट कार्डाचें व्याज न वाढवितां जी रक्कम सहज निघेल ती अंगठीची रक्कम. ती दोघांनीं मिळून ठरवावी आणि कागदावर लिहून मगच दुकानांत जावें; कारण दुकानांतील प्रकाशांत आंकडे लवकर वितळतात.

आतां लंबगोल घडणीकडे वळूं. जगांतील अतिप्रसिद्ध अशा एका हिऱ्याची आजची घडण लंबगोलच आहे, आणि तो आहे गोवळकोंड्याच्या परिसरांतून निघालेला मानला जाणारा कोहिनूर. १८४९ सालीं तो इंग्रजांच्या हातीं गेला. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांत तो पाहावयास लोकांची रीघ लागली. परंतु त्याचें तेज पाहून पुष्कळांची निराशा झाली. तेव्हां त्याचें वजन सुमारें १८६ कॅरट होतें. पुढील वर्षीं, १८५२ सालीं, त्याला नवे पैलू पाडण्यांत आले आणि तो लंबगोल होऊन सुमारें १०५.६ कॅरटांवर आला. वजन दोन-पंचमांशाहून अधिक घटलें आणि झळाळी वाढली. त्या कापणीबद्दल मतभेद आहेत. इतकें ऐतिहासिक वजन घालविल्याची हळहळ अनेकांना वाटली, आणि ती साहजिक आहे. परंतु सामान्य ग्राहकाला त्यांतून एक धडा मिळतो. डोळ्यांना भुरळ घालतो तो प्रकाश, आणि प्रकाश वजनांतून येत नसून पैलूंच्या योग्य कोनांतून येतो.

हल्लींचा लंबगोल पैलूदार हिरा लझार कॅप्लान या कारागिरानें १९५७ च्या सुमारास प्रचारांत आणला. गोल हिऱ्याचेंच तेज आणि त्याला लांबीची जोड, अशी ही घडण आहे. अर्ध्या कॅरटाचा गोल हिरा व्यासांत ५ मिलिमीटरांहून थोडासाच अधिक भरतो. तेवढ्याच वजनाचा लंबगोल हिरा सुमारें ६ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी बोटाच्या दिशेनें येते, म्हणून खडा मोठा भासतो आणि बोट निमुळतें दिसतें. त्यांत भर म्हणजे खाणींतील लंबगोल हिरा साधारणतः तेवढ्याच वजनाच्या आणि प्रतीच्या गोल हिऱ्याहून स्वस्त पडतो, कारण गोल आकार साधण्यासाठीं कच्च्या खड्याचा अधिक भाग खरवडून टाकावा लागतो. चौकोनी किंवा टोंकदार हिऱ्यासारखे नाजुक कोपरेही याला नसतात. बेताच्या पैशांत ही घडण निवडणारा तरुण केवळ फॅशनच्या मागें लागला आहे, असें म्हणतां येणार नाहीं.

मात्र या घडणीचे स्वतःचे दोष आहेत, आणि ते ओळखणें हेंच खरें काम. पहिली गोष्ट प्रमाणाची. हिऱ्याच्या लांबीला रुंदीनें भागावें. उत्तर १.३० च्या खालीं असेल तर आकार फुगीर, जवळजवळ गोलच वाटतो, १.५० च्या वर गेलें तर तो सडपातळ दिसतो. बहुतेकांच्या डोळ्यांना १.३५ ते १.४५ यांच्या दरम्यानचें प्रमाण गोड वाटतें. पण हा आवडीचा प्रश्न आहे. आखूड बोटाला थोडा लांबट खडा शोभतो, लांब बोटाला थोडा भरीव. महत्त्वाचें हें कीं, दोन्ही टोंकें सारखीं वळलेलीं असावींत आणि बाजू कोठें चपटी किंवा कोठें फुगलेली नसावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लंबगोल हिऱ्याच्या मध्यभागीं, रुंदीच्या दिशेनें, फुलपाखराच्या दोन पंखांसारखी एक काळसर सावली दिसते. व्यापारी तिला बो-टाय म्हणतात. पाहणाऱ्याचें डोकें आणि खांदे यांनीं अडविलेला प्रकाश त्या पैलूंतून परत येत नाहीं, म्हणून ती पडते. थोडीशी सावली बहुतेक सर्व लंबगोल हिऱ्यांत असते, आणि बोट हलतांच ती मिटत-उमलत असेल तर ती शोभाच देते. पण खडा कसाही फिरविला तरी मध्यें काळा पट्टा तसाच ठाण मांडून बसत असेल, तर तो हिरा कितीहि स्वस्त असला तरी घेऊं नये.

या सावलीची नोंद दाखल्यावर नसते. अमेरिकेंत १९३१ सालीं स्थापन झालेली जी.आय.ए. ही संस्था गोल हिऱ्याच्या घडणीला सर्वंकष प्रत देते. लंबगोलाला आपल्या नेहमीच्या दाखल्यांत ती तशी प्रत देत नाहीं, केवळ झिलई आणि समतोल यांची नोंद करते. दोन लंबगोल हिऱ्यांचे दाखले अक्षरशः सारखे असूनही एक हिरा पाण्यासारखा लखलखतो आणि दुसरा मंद राहतो, असें होतें. म्हणून हा खडा कागदावरून घेऊं नये, डोळ्यांनीं पाहून घ्यावा. दुकानांतील दिवे हिरा चमकावा म्हणूनच लावलेले असतात. तीन-चार हिरे एका ओळींत ठेवून ते दाराशीं किंवा खिडकीशीं दिवसाच्या साध्या उजेडांत न्यावे. प्रथम जवळून, मग हातभर अंतरावरून पाहावे. हळूहळू कलते करावे. खिडकीशीं जाऊं देण्यास नाखूष असलेल्या दुकानदाराचा नमस्कार घेऊन निघावें.

प्रत्यक्ष पाहण्यानंतर दाखला हातीं घ्यावा. त्यावरील खोलीचें प्रमाण साठ-बासष्टांच्या आसपास असल्यास सामान्यतः ठीक. तें सत्तरीकडे झुकूं लागलें तर समजावें कीं, वजन पोटांत लपलें आहे. असा हिरा तराजूंत भारी भरतो आणि बोटावर लहान दिसतो. ग्राहक पैसे देतो वजनाचे, दिसतो मात्र विस्तार. म्हणून दाखल्यावरील मिलिमीटरांचे आंकडे कॅरटाच्या आंकड्याइतक्याच काळजीनें वाचावे.

रंगाची प्रत डी या अक्षरापासून झेडपर्यंत उतरत जाते. डी म्हणजे पूर्ण रंगहीन. लंबगोल हिऱ्यांत पिवळसर झांक दोन्ही टोंकांशीं गोळा होते, त्यामुळें गोल हिऱ्यापेक्षां येथें थोडी अधिक सावधगिरी हवी. पांढऱ्या सोन्यांत किंवा प्लॅटिनमांत बसवावयाचा असेल तर जी अथवा एच प्रत पुरेशी आहे. पिवळ्या सोन्यांत तीच झांक सोन्याच्या रंगांत मिसळून जाते, आणि आय किंवा जे प्रतीचा खडाही सुंदर दिसतो. महाराष्ट्रीय हाताला पिवळें सोनें शोभतें आणि त्यानें पैसेही वांचतात, असा हा दुहेरी योग आहे.

निर्मळतेचें तसेंच. भिंगाखालीं दहापट मोठें करूनही डाग न दिसणारा हिरा फार महाग. पण अंगठी भिंगांतून पाहणारे पाहुणे साखरपुड्यास येत नाहींत. व्ही.एस. प्रतीचा, आणि नीट निवडल्यास एस.आय. या प्रतीच्या वरच्या पायरीचाही, हिरा साध्या डोळ्यांना स्वच्छ दिसतो. डाग मध्यभागीं काळा नसावा. कडेशीं असल्यास कोंदणाच्या नखाखालीं झांकून जातो. मात्र कडेपर्यंत पोंचलेली चीर असेल तर तो खडा सोडावा. हिरा ओरखडत नाहीं हें खरें, परंतु वर्मीं घाव बसला तर तो फुटतो.

वजनाच्या बाबतींत बाजाराची एक खोड लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अर्धा, पाऊण, एक अशा पुऱ्या आंकड्यांशीं दर कॅरटाचा भावच एकदम वर चढतो. म्हणून पुरा अर्धा कॅरट न मागतां ०.४६ किंवा ०.४७ चा, आणि एक कॅरट न मागतां ०.९० चा हिरा मागावा. डोळ्यांना फरक जाणवत नाहीं, हिशेबाला चांगला जाणवतो.

यापुढें प्रश्न येतो तो आजच्या काळाचा खास प्रश्न: खाणींतला हिरा कीं प्रयोगशाळेंत घडविलेला? कृत्रिम हिरा हा कांचेचा तुकडा नव्हे. १९५४ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत प्रचंड दाब आणि उष्णता यांच्या योगानें कार्बनाचे पहिले हिरे तयार करण्यांत आले. आतां दुसऱ्या एका पद्धतीनें, वायूंतील कार्बनाचे थर पातळ हिरकणीवर चढवून, कांहीं आठवड्यांत खडा वाढवितां येतो. त्याचें द्रव्य, काठिण्य आणि तेज खाणींतल्या हिऱ्यासारखेंच असतें. सुरत शहरांत हा उद्योग मोठा झाला आहे, आणि जून २०२३ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीस ७.५ कॅरटांचा असाच एक हिरा भेट दिला. याची किंमत खाणींतल्या हिऱ्याच्या मानानें फारच थोडी, आणि गेल्या कांहीं वर्षांत ती सारखी घसरत आली आहे. या घसरणीमुळेंच तो परत विकतांना हातीं फारसें कांहीं येत नाहीं. जें घर हिऱ्याचे पैसे प्रथमपासून खर्चाच्या रकान्यांत मांडतें, त्याला ही अडचण नाहीं. थोडक्या रकमेंत मोठा, स्वच्छ खडा मिळतो आणि उरलेल्या पैशांत सोन्याचा रकाना भरतां येतो. ज्यांना भूगर्भांत कोट्यवधि वर्षें घडलेल्या वस्तूचें अप्रूप आहे, त्यांनीं खाणींतला लहानसा खडा घ्यावा. दोन्ही निवडी प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक असतें तें एकाचे पैसे घेऊन दुसरा देणें. दुकानांतील साधें उष्णतामापक यंत्र या दोहोंत भेद करूं शकत नाहीं. तें काम प्रयोगशाळेचें. म्हणून हिरा खाणींतला कीं घडविलेला, हें दाखल्यावर आणि पावतीवर स्पष्ट शब्दांत लिहून घेतल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

कोंदण निवडतांना रोजच्या कामाचा विचार करावा. चार नखांच्या कोंदणांत खडा अधिक उघडा दिसतो, सहा नखांत तो अधिक सुरक्षित राहतो. ज्या वधूला दवाखान्यांत, प्रयोगशाळेंत किंवा स्वयंपाकघरांत सतत हात चालवावे लागतात, तिला सर्व बाजूंनीं सोन्याची कड असलेलें बसकें कोंदण सोयीचें; तें केसांत, लोकरींत अडकत नाहीं. खड्याभोंवतीं बारीक हिऱ्यांचें कडें केल्यास लहान खडा मोठा दिसतो, परंतु घडणावळ वाढते आणि बारीक खडे निखळण्याचा त्रास लागतो. साधी पट्टी असेल तर पुढें अंगठी सैल-घट्ट करतां येते. पट्टीभर खडे जडविलेले असले तर तें कठीण होतें. बोटाचें माप सकाळच्या गारव्यांत न घेतां दिवसा उष्म्यांत घ्यावें, कारण बोट तेव्हां किंचित फुगलेलें असतें.

शेवटीं कागदपत्रांची गोष्ट. सोन्यावर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह, शुद्धतेचा आंकडा, म्हणजे १८ कॅरटांसाठीं ७५०, आणि सहा अक्षर-अंकांची ओळखखूण असावी. १ एप्रिल २०२३ पासून ही खूण सक्तीची आहे. दोन ग्रॅमांहून कमी वजनाच्या दागिन्यास ही सक्ती नाहीं, तेव्हां अगदीं हलकी अंगठी घेतांना शुद्धता पावतीवर लिहून घ्यावी. पावतींत सोन्याचें निव्वळ वजन, हिऱ्याचें वजन आणि प्रत, घडणावळ आणि कर हीं सारीं निरनिराळ्या ओळींत हवींत. खड्याचें वजन सोन्याच्या भावानें लागलेलें नाहीं, याची खात्री करावी. जी.आय.ए. किंवा १९७५ सालीं अँटवर्प येथें निघालेली आय.जी.आय. अशा स्वतंत्र संस्थेचा दाखला घ्यावा. हिऱ्याच्या कडेवर अतिसूक्ष्म आंकडा कोरलेला असेल, तर भिंग मागून तो दाखल्यावरील आंकड्याशीं ताडून पाहावा. परत घेण्याची किंवा बदलून देण्याची अट तोंडी नसावी. शेंकडा किती वजावट होईल, तें लिहून घ्यावें.

ही सारी खटपट एका लहानशा खड्यासाठीं कशाला, असें कोणी म्हणेल. पण खटपट खड्यासाठीं नाहींच. दोन माणसें एकत्र बसून, आपल्याजवळ काय आहे आणि काय नाहीं हें एकमेकांस न लपवितां सांगतात, कशासाठीं किती द्यावयाचें तें ठरवितात, आणि दुकानांतील मोहापुढें तो निश्चय टिकवितात. संसारांत असे हिशेब पुढें जन्मभर करावयाचे असतात. त्यांतला हा पहिला. तो नीट जमला म्हणजे अंगठींतला हिरा अर्ध्या कॅरटाचा आहे कीं त्याहून लहान, हा प्रश्न कोणी विचारला तरी संकोच वाटत नाहीं. अंगठी घरीं आल्यावर आठवड्यांतून एकदां कोंबट पाण्यांत सौम्य साबण घालून मऊ कुंचल्यानें ती धुवावी, आणि वर्षांतून एकदां कोंदणाचीं नखें सराफाकडून तपासून घ्यावींत. हिऱ्याचें तेज जातें तें बहुधा तेलकटानें आणि धुळीनें. तें परत आणावयास पैसे पडत नाहींत.